बाभळीची बॅट आणि मोराची मॅट

गिरणीत काम करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. दिवसभर कापसाचा भुगा उडत असतो, तो अंगावर कधी बसला ते कळत नाही. घरी येऊन टोपी झटकली की कळतं, केवढा साठलाय ते. आमच्या क्रिकेट क्लबाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. घडले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आता चार मित्र जमले, चहा आला आणि कुणी सहज टोपी झटकली, की उडायलाच लागतात.

मी त्या क्लबाचा खेळाडू नव्हतो. सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या ऑफिसात कारकून होतो आणि क्रिकेटमधलं मला फार कळत नव्हतं. अजूनही कळत नाही. चेंडू लांब गेला की आनंद व्हायचा, कोण मारतोय याच्याशी मला कर्तव्य नसे. क्लबात अकरा खेळाडू होते आणि प्रेक्षक एक. तो मी.

आमचे कॅप्टन भाऊसाहेब करकंबकर. ऑफिसचे हेडक्लार्क, ठेंगणे, गोरे आणि भयंकर शिस्तीचे. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की किल्ल्याशेजारच्या मैदानावर मॅच असायची. जाताना ते मला बाजूला घेऊन सांगत, "हे बघा, एका जागी बसू नका. थोडा वेळ लिंबाखाली, थोडा वेळ टांग्यांजवळ, थोडा वेळ पलीकडच्या कठड्यावर. प्रेक्षक सगळीकडं दिसले पाहिजेत."

त्यामुळं संध्याकाळी खेळाडूंपेक्षा माझे पाय जास्त दुखायचे.

*

क्लब निघाला तेव्हा आमच्याकडं उत्साह सोडून काही नव्हतं. खरं सामान मुंबईहून यायचं, आणि मुंबईला विलायतेहून. भाऊसाहेबांनी एका दुकानाचा चित्रांचा कॅटलॉग मागवला, चार दिवस तो उशाशी ठेवला आणि मग जाहीर केलं, "चादर इथं होते, लुगडं इथं होतं, मग पॅड का होणार नाही? सगळं सामान सोलापुरात करायचं."

पॅडचं काम इमामसाबकडं गेलं. हा टांग्याच्या घोड्यांचे लगाम, पट्टे, खोगीर शिवायचा. हात असा की त्यानं शिवलेला पट्टा घोडा म्हातारा झाला तरी तुटत नसे. भाऊसाहेबांनी त्याला चित्र दाखवलं. इमामसाबनं ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "साब, ये पीछे से कैसा है?"

भाऊसाहेबांनी पान उलटलं. मागं टेनिसची रॅकेट होती.

"पुढं आहे तसंच मागं," भाऊसाहेब म्हणाले.

इमामसाबनं तसंच केलं. पुढून चामडं, मागून चामडं, आत ठासून भरलेलं गवत. ती पॅड घालून भाऊसाहेब पहिल्यांदा मैदानात निघाले तेव्हा दोन रांजण चालत निघाल्यासारखं दिसलं. गुडघा वाकायचा म्हणून नाव नाही. कंपासपेटीतला कर्कटक कागदावर जसा टाकतो तसे ते एक एक पाय टाकत होते. एक धाव काढायला त्यांना इतका वेळ लागला, की समोरच्या टीमच्या माणसानं चेंडू उचलला, त्यांच्याकडं पाहिलं आणि माणुसकी म्हणून थोडं थांबून मग टाकला.

चहाची सुट्टी झाली. भाऊसाहेबांनी पॅड सोडून टांग्याला टेकवून ठेवली. चहा पिऊन परत येऊन बघतात तर घोड्यानं डाव्या पॅडची मागची बाजू उसवली होती आणि आतलं गवत खाऊन तो डोळे मिटून उभा होता.

दुसरं पॅड नव्हतं. भाऊसाहेबांनी तेच बांधलं. आणि काय सांगू, पाय वाकला. भाऊसाहेब पुढं झुकून मारायला लागले, पळायला लागले. त्या दिवशी त्यांनी जन्मात काढल्या नव्हत्या तेवढ्या धावा काढल्या.

संध्याकाळी ते पॅड घेऊन इमामसाबच्या दुकानात गेले. म्हणाले, "उजवंही असंच करून दे."

इमामसाबनं पॅड फिरवून पाहिलं, कुठून किती खाल्लंय ते बोटांनी चाचपलं आणि शांतपणे म्हणाला, "करता साब. पर बोलके रखता, सिलाई मेरी, माप घोडे का."

*

आमच्याकडची काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात तिचा चिखल होतो. त्यामुळं खेळपट्टीवर मॅट अंथरावी लागते. ती विणायचं नरसय्यानं अंगावर घेतलं. नरसय्या आमच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, घरी हातमाग, घराणं तेलुगू विणकरांचं. शिवाय आमचा स्लो बॉलर.

मॅट तयार झाली म्हणून आम्ही सगळे पाहायला गेलो. त्यानं ती अंगणात उलगडली. काथ्या आणि जाड सूत घालून भक्कम विणलेली. पण दोन्ही कडांना लाल काठ, काठावर ओळीनं मोर आणि दोन्ही टोकांना कमळांचा पदर.

भाऊसाहेब मोर मोजत पदरापर्यंत गेले. मग म्हणाले, "नरसय्या, यावर क्रिकेट खेळायचंय."

"व्हय की साहेब."

"मग हे मोर कशाला?"

नरसय्याला प्रश्नच कळला नाही. "साहेब, काठ न्हाय, पदर न्हाय, असलं कापड मागावरनं उतरवलं तर गल्लीत तोंड कसं दाखवू?"

मॅट तशीच अंथरली. आणि मग तिचा गुण कळला. मोर विणताना जाड सूत वापरलेलं, त्यामुळं ते वर उचललेले होते. मोरावर टप्पा पडला की चेंडू वळून आत यायचा. पदरातल्या कमळावर पडला की बाहेर जायचा. नरसय्या बॉलिंगला आला की आमचे फिल्डर हळूच म्हणायचे, "नरसय्या, मोर." आणि पुढच्या चेंडूला दांडी उडायची.

एकदा एका हायस्कूलच्या मास्तरांची टीम आली. त्यांचे कॅप्टन गणिताचे मास्तर, खेळायला पक्के. नरसय्याचे चार चेंडू त्यांनी बिनचूक अडवले. पाचवा मोरावर पडला आणि यष्ट्या कोलमडल्या. मास्तर जागचे हलेनात. खाली वाकून त्यांनी काठावर हात फिरवला, बारकाईनं पाहिलं. आम्हाला वाटलं, आता तक्रार येणार. भाऊसाहेब उत्तर जुळवायला लागले.

मास्तर सरळ झाले, बॅट काखेत मारली आणि नरसय्याजवळ जाऊन विचारलं, "ह्याच नक्षीत नऊवारी मिळेल का हो?"

*

विकेटकीपर होते गणेशशास्त्री. शाळेत संस्कृत शिकवत. सगळी टीम पाटलोणीत खेळायची, शास्त्रीबुवा धोतरात. भाऊसाहेबांनी खूप सांगून पाहिलं. शास्त्रीबुवा म्हणायचे, "मी चेंडू धरतो की नाही? मग कशानं धरतो ते विचारू नका."

आणि ते खरंच होतं. खाली बसले की त्या धोतराचा असा काही पसारा व्हायचा, की हातातून सुटलेला चेंडू त्यातच अडकायचा.

त्याच मास्तरांच्या टीमबरोबरची गोष्ट. बॅटला कड लागून चेंडू मागं गेला. शास्त्रीबुवांनी झडप घातली आणि आम्ही सगळे "आउट" म्हणून ओरडलो. आमचे अंपायर काझीसाहेब, गिरणीचे टाइमकीपर. त्यांनी विचारलं, "चेंडू दाखवा."

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात दाखवले. रिकामे.

"जमिनीवर पडला का?"

"नाही. अंगावर आहे. कुठं ते सांगता येत नाही."

निऱ्या झटकल्या, चेंडू नाही. काष्टा चाचपला, नाही. शास्त्रीबुवांनी जागेवरच दोनदा उडी मारली, तरी नाही. चेंडू जमिनीवर पडलेला कुणी पाहिला नव्हता आणि अंगावर सापडत नव्हता. मास्तर लोक म्हणायला लागले, चेंडू दिसत नाही तर झेल कसला? शेवटी एकच उपाय राहिला, आणि तो भर मैदानात करण्यासारखा नव्हता. तेव्हा आमचे दहा जण शास्त्रीबुवांभोवती पाठ करून गोल उभे राहिले. आतून बराच वेळ कापडाचा आवाज येत राहिला. मग वरून एक हात निघाला, त्यात चेंडू.

काझीसाहेबांनी बोट वर केलं. मास्तरांचे कॅप्टन म्हणाले, "पण तो कुठं होता ते तुम्ही पाहिलंत का?"

"अल्ला मला माफ करो," काझीसाहेब म्हणाले, "मी डोळे मिटले होते."

*

काझीसाहेबांचं आणखी एक. उभा जन्म गिरणीच्या दारात हजेरी घेण्यात गेलेला. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की काम बंद, मधलं काही त्यांना मान्य नव्हतं.

एकदा आमचा शिवलिंगप्पा बॅटिंग करत होता. हा अक्कलकोटकडचा, कापसाच्या गोदामावर मुकादम, गठ्ठे उचलून उचलून दंड पिळदार झालेले. त्यानं एक चेंडू असा उंच मारला की सगळे माना वर करून उभे राहिले. चेंडू वर असतानाच गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला. काझीसाहेबांनी यष्ट्या उपटल्या, काखेत घेतल्या आणि घराकडं निघाले.

तिकडं चेंडू खाली आला आणि फिल्डरनं झेलला. तो धावत काझीसाहेबांच्या मागं. "साहेब, झेल घेतला. आउट द्या."

काझीसाहेबांनी चाल कमी केली नाही. "भोंग्यानंतरची हजेरी मी लावत नाही."

*

शिवलिंगप्पाच्या बुटांची गोष्ट छोटीशीच आहे. भाऊसाहेबांनी कॅटलॉगात पाहून सगळ्यांच्या बुटांना खाली खिळे मारून घेतले होते. घसरू नये म्हणून. विलायतेतल्या हिरवळीवर ते ठीक असेल, पण आमच्या काळ्या मातीला एक पाऊस झाला की ती खिळा सोडत नाही. प्रत्येक पावलाला थोडी माती तळव्याला चिकटायची. शिवलिंगप्पा पहिली ओव्हर टाकायचा तेव्हा असायचा त्यापेक्षा तिसऱ्या ओव्हरला चांगला वीतभर उंच झालेला असायचा.

मोहोळच्या टीमविरुद्ध तो असाच लांबून पळत आला. निम्म्या वाटेत डावा बूट मातीत रुतला आणि तिथंच राहिला. शिवलिंगप्पा न थांबता एका बुटावर तसाच पुढं आला आणि चेंडू टाकला. मोहोळचा बॅट्समन मातीत उभ्या राहिलेल्या बुटाकडं बघत राहिला. दांडी गेली.

तो म्हणाला, "हे बरोबर नाही. माझं लक्ष बुटाकडं गेलं."

शिवलिंगप्पा बूट उपटत होता. वर न बघताच म्हणाला, "मोहोळवरनं इतक्या लांब बूट बघायला आलासा व्हय?"

*

त्याच मॅचमध्ये बॅटचा प्रकार झाला. बॅट आमच्या गावच्या सुतारानं केलेली. विलायती बॅट विलो नावाच्या झाडाची असते म्हणे. ते झाड सोलापुरात कुणी पाहिलेलं नव्हतं. बाभळी मात्र हव्या तेवढ्या. सुतारानं बैलगाडीच्या चाकाला वापरतात तसली जुनी, मुरलेली बाभूळ काढली आणि बॅट घडवली. ती उचलायला शिवलिंगप्पाच लागायचा. बाकीचे बहुतेक वेळा ती जमिनीवर उभी ठेवून तिच्यामागं उभे राहत आणि चेंडू येऊन आपटायची वाट बघत.

मोहोळच्या बॉलरनं चेंडू टाकला, तोही गावातच चामड्यात शिवून घेतलेला. शिवलिंगप्पानं बाभूळ फिरवली. आवाज असा झाला की लिंबावरचे कावळे उडाले. बॅटला काही झालं नाही. चेंडूची शिवण मात्र उकलली, आतला गाभा सुटला आणि मैदानाच्या बाहेर गेला. वरचं चामडं तेवढं भिरभिरत मोहोळच्या फिल्डरच्या हातात येऊन पडलं.

तो म्हणे, "झेल. आउट."

शिवलिंगप्पा म्हणे, "चार रन. भाईर गेलाय की बॉल."

दोन्ही टीमा मध्ये जमल्या. चेंडू म्हणजे कातडं की गाभा, यावर मोठा वाद सुरू झाला. काझीसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं, पण त्यांनाही ठरवता येईना. तेव्हा शास्त्रीबुवा पुढं झाले. दोन्ही बाजू त्यांना मानायच्या.

ते म्हणाले, "यात गोंधळ कसला? देह यांच्या हाती लागला. आत्मा सीमा ओलांडून गेला."

मोहोळच्या कॅप्टननं टोपीच काढली.

काझीसाहेबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे," ते म्हणाले, "आत्म्याला चार रन्स. देहाला आउट."

शिवलिंगप्पा बाभूळ खांद्यावर टाकून परत आला, तेव्हा स्वतःशीच हसत होता. मला म्हणाला, "मेल्यावर रन मिळाल्या बगा. लई बरं वाटलं."

*

आणि आता बार्शीची मॅच.

बार्शीच्या आडत बाजाराची टीम दर वर्षी यायची, आणि दर वर्षी आम्हाला हरवून जायची. रिवाज असा, की हरलेल्या कॅप्टननं जिंकलेल्याच्या डोक्याला सगळ्यांसमोर फेटा बांधायचा. भाऊसाहेबांना फेटा बांधायची इतकी सवय झाली होती, की लग्नसराईत लोक त्यांना मुद्दाम बोलवायला लागले. त्या वर्षी वर आणखी एक संकट होतं. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, "करकंबकर, नुसतंच हरायचं असेल तर शनिवारची अर्धी सुट्टी कशाला? यंदा हरलात तर सुट्टी बंद." भाऊसाहेबांना आठवडाभर जेवण गेलं नाही.

त्यांची ती अवस्था बघून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "मी पण येते बघायला." तोवर आमच्या मैदानावर बायका कधी आल्या नव्हत्या. भाऊसाहेबांनी एक टांगा अगदी कडेला उभा केला, पडदा सोडला आणि मला बोलावलं. "तुम्ही टांग्याजवळ थांबा. तिला यातलं काही कळत नाही. विचारलं तर समजावून सांगा."

मी म्हणालो, "मलाही फारसं..."

"तिच्यापुरतं पुरेल," भाऊसाहेब म्हणाले.

मॅच रंगली. बार्शीच्या धावा झाल्या, मग आमचे एकेक जण जाऊन परत यायला लागले. शिवलिंगप्पा गेला, नरसय्या गेला. शेवटी मैदानात भाऊसाहेब आणि शास्त्रीबुवा अशी शेवटची जोडी उरली. जिंकायला तीन धावा हव्या होत्या. बार्शीच्या कॅप्टननं आपल्या सगळ्यात भरवशाच्या फिल्डरला लांब पाठवलं, तो आमच्या टांग्यापासून दहा-बारा हातांवर येऊन उभा राहिला. उंच, तरतरीत मुलगा. दुपारभर त्यानं एकही झेल सोडला नव्हता.

पडद्यामागून वहिनींनी मला विचारलं, "हा एवढ्या लांब का येऊन उभा राहिलाय?"

"इकडं उंच चेंडू आला तर झेलायला."

"आणि झेलला तर?"

"तर भाऊसाहेब आउट. मॅच संपली."

"आणि सुट्टी?"

"तीही संपली."

"बरं," वहिनी म्हणाल्या. पडदा थोडा बाजूला झाला.

पुढच्याच चेंडूला भाऊसाहेबांनी सगळा जीव एकवटून ती जड बाभूळ उचलून फिरवली. चेंडू उंच गेला आणि सरळ आमच्याकडं यायला लागला. तो मुलगा दोन पावलं मागं आला, हातांची ओंजळ केली, डोळे चेंडूवर. मी मान खाली घातली. मला ते बघवेना.

तेवढ्यात टांग्यातून खणखणीत हाक आली. "अहो!"

मैदानावरचे सगळे लग्न झालेले पुरुष वळले. भाऊसाहेब धावता धावता वळले. काझीसाहेब वळले. बार्शीचा कॅप्टन वळला. लिंबाखाली बसलेला शिवलिंगप्पा उठून उभा राहिला. माझी बायको त्या वेळी माहेरी, अकलूजला होती, तरी मी वळलो. शास्त्रीबुवा तेवढे ब्रह्मचारी, ते एकटे खाली मान घालून पळत राहिले.

आणि ओंजळ धरलेला तो मुलगाही वळला. चेंडू त्याच्या खांद्यावर आपटला, टांग्याच्या चाकाला लागला आणि कडेबाहेर गेला. चार धावा.

बार्शीचा कॅप्टन लालबुंद होऊन काझीसाहेबांकडं आला. "हे खेळात चालत नाही. त्या बाईंनी हाक मारली म्हणून आमच्या माणसाचा झेल सुटला."

काझीसाहेब म्हणाले, "बाईंनी हाक त्यांच्या नवऱ्याला मारली. तुमचा माणूस का वळला, ते त्याच्या घरी जाऊन विचारा."

बार्शीची माणसं दिलदार. त्यांचा कॅप्टनच आधी हसायला लागला, मग सगळे हसले. त्यानं स्वतःच्या हातानं भाऊसाहेबांना फेटा बांधला. भाऊसाहेबांना फेटा बांधून घ्यायची सवय नव्हती, ते सारखी मान हलवत होते.

परत येताना मी टांगेवाल्याशेजारी पुढं बसलो होतो. मागं भाऊसाहेब आणि वहिनी. भाऊसाहेब सारखा फेटा चाचपत होते. शेवटी भाऊसाहेबांना राहवेना. "अगं, पण हाक कशाला मारली होतीस? काय हवं होतं तुला?"

"मला काही नको होतं," वहिनी म्हणाल्या. "त्या मुलाच्या मनगटाला अजून लग्नातलं हळकुंड बांधलेलं होतं."